बेगमीचं घर : रशियन घरगुती स्वयंपाकाविषयी

त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन १४७०च्या आसपास चौलच्या बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळ्याचे दोन महिने तिथेच अडकून पडला. त्याने लिहून ठेवलेल्या प्रवासवृत्तात खाण्यापिण्याच्या बऱ्याच नोंदी आहेत. इथले लोक घोड्यांना हरभरे घालतात, साखर-लोणी घातलेली खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपलं आहे. पण त्याच्या जिवाला लागलेली काळजी वेगळीच होती. येताना अस्त्राखानजवळ लुटारूंनी त्याची पुस्तकं नेली आणि त्यांच्याबरोबर सणवारांचा हिशेब गेला. ईस्टर कधी, नाताळ कधी, बुधवार कोणता, शुक्रवार कोणता, काहीच समजेना. म्हणजे कोणत्या दिवशी काय वर्ज्य, हेच समजेना. शेवटी मुसलमानांच्या उपवासाच्या महिन्यात त्यानेही त्यांच्याबरोबर उपवास धरला. घोडा जप्त झाला, धर्म बदलण्याची सक्ती झाली, परतीची वाट धड माहीत नाही, आणि या सगळ्यात उपवास चुकले याची हळहळ तो पुन्हा पुन्हा व्यक्त करतो. परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. घरच्या पानावर बसायचं काही त्याच्या नशिबी नव्हतं.

रशियन घरच्या जेवणावरच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसल्यावर मला निकितिन आठवला, कारण हे जेवण नीट कळायचं तर सुरुवात मेजवान्यांपासून करून चालत नाही, ती उपवासांपासून करावी लागते. ऑर्थोडॉक्स चर्चच्या वर्षात बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे. ईस्टरआधी सात आठवड्यांचा मोठा उपवास, उन्हाळ्यात संत पीटरच्या नावाचा, ऑगस्टात दोन आठवड्यांचा आणि नाताळापूर्वी चाळीस दिवसांचा. सगळे मिळून वर्षाचे दोनशेच्या घरात दिवस भरतात. या दिवसांत मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. मासा ठरावीक दिवशीच. मग उरतं काय? राय या धान्याची काळी भाकर, कोबी, मुळा, सलगम, वाटाणे, काशा म्हणजे मऊ किंवा मोकळं शिजवलेलं धान्य, त्यावर जवसाचं नाहीतर भांगेच्या बियांचं तेल, मध, रानातली फळं, आणि अळंबी. अळंबीचं सूप, अळंबी भरलेले पिरोग, ओट पिठाचा किंवा वाटाण्याचा घट्ट किसेल, आंबवलेल्या भाकरीचं क्वास नावाचं पेय. रशियन गृहिणीची कल्पकता मला सर्वात जास्त दिसते ती इथे. हातात लोणी आणि मांस असताना चांगलं रांधणं अवघड नसतं. चाळीस दिवस कोबी आणि धान्यावर घर तृप्त ठेवणं हे खरं कौशल्य. ज्यांना रशियन जेवण म्हणजे केवळ मांस आणि व्होडका वाटतं त्यांनी या पुस्तकातलं उपवासाचं प्रकरण आधी वाचावं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांना त्यातलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं करता येईल.

उपवास सुरू होण्यापूर्वीचा आठवडा मास्लेनित्साचा. मांस थांबलेलं असतं, पण दूध, लोणी आणि अंडी अजून चालतात, म्हणून आठवडाभर ब्लिनी. यीस्टने फुगवलेल्या पिठाचे पातळ, जाळीदार, लोण्यात न्हालेले. पूर्वी त्यात बकव्हीटचं पीठ असायचं आणि त्याचा मातकट आंबूसपणा आजच्या मैद्याच्या ब्लिनीत सापडत नाही. बुधवारी सासू जावयाला जेवायला बोलावते, शुक्रवारी जावई सासूला, आणि रविवारी घरातली माणसं एकमेकांची वर्षभराच्या अपराधांबद्दल क्षमा मागतात. सोमवारपासून तवा बाजूला. पुढच्या सात आठवड्यांत कोंबड्या अंडी घालतच राहतात आणि ती खाणारं कुणी नसतं, त्यामुळे ईस्टरच्या कुलीचमध्ये अंड्यांची इतकी चंगळ असते. कुलीच ही उंच, गोड, बेदाणे घातलेली पावासारखी भाकर. तिचं पीठ इतकं जड असतं की फुगताना घरात दार आपटायचं नाही, मुलांनी धावायचं नाही, मोठ्यांनी आवाज चढवायचा नाही, असा दंडक आजही कित्येक घरांत पाळला जातो. तिच्याशेजारी पास्खा. त्वारोग, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा ताजा चक्का, लोणी आणि साय घोटून लाकडी साच्यात दाबलेला पांढरा मनोरा. सात आठवडे दुधाशिवाय काढलेल्या जिभेवर त्याचा पहिला घास ठेवला जातो, हे लक्षात ठेवूनच त्याची कृती वाचायला हवी.

आता चुलीबद्दल. पेच नावाची रशियन भट्टी विटामातीची, खेड्यातल्या लाकडी घराचा चौथा-पाचवा हिस्सा व्यापणारी. तिच्यावर म्हातारी माणसं आणि मुलं झोपत, आजाऱ्याला तिथेच शेक मिळे, काही भागांत तर विझलेल्या भट्टीत शिरून लोक अंघोळही करत. स्वयंपाकाच्या दृष्टीने तिची खुबी अशी की तिच्यात रांधायचं ते जाळावर नव्हे, जाळ संपल्यावर. पहाटे बर्चची लाकडं पेटवायची, ती जळून निखारे झाले की बाजूला सारायचे, तळ झाडून घ्यायचा आणि तोंड झाकणाने बंद करायचं. मूठभर पीठ आत टाकून बघायचं. लगेच जळालं तर थांबायचं, हळूहळू तांबूस झालं तर भाकरी लावायच्या, कोबीच्या नाहीतर ओकच्या पानावर. भाकरी निघाल्या की पिरोग. मग ओतीव लोखंडाच्या मडक्यांत श्ची हे कोबीचं सूप आणि काशा. ही मडकी लांब दांड्याच्या लोखंडी दुबेळक्याने आत सरकवायची. ऊब आणखी उतरली की दुधाचं मातीचं भांडं, ज्यातलं दूध संध्याकाळपर्यंत बदामी होऊन जाड, तपकिरी साय धरतं. रात्री शिल्लक उबेवर अळंबी आणि सफरचंदाच्या फोडी वाळत. सकाळी एकदा जाळलेल्या लाकडांत दिवसभराचं अन्न, घराची ऊब आणि साठवणीचं वाळवण, इतकं सगळं होई.

उतरत्या उबेवर तासन्‌तास मुरणं ही या स्वयंपाकाची मूळ रीत. परतणं, तळणं, फोडणी देणं याला त्या भट्टीत फारशी जागा नव्हती. मसाल्यांचा भरही कमी. चव यायची ती वेळेतून आणि आंबवण्यातून. श्ची दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते असं प्रत्येक रशियन माणूस सांगतो. जुन्या काळी हिवाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना ती गोठवून बरोबर नेत आणि वाटेत लागेल तेवढी फोडून गरम करत. अठराव्या शतकात सरदारांच्या वाड्यांत परदेशी आचारी आले, सपाट चुली आल्या, पातेली आली, सॉस आले. पुढे जगभर रशियन म्हणून गाजलेले पुष्कळ पदार्थ या वाड्यांतले आहेत. ते चविष्ट आहेत, पण घरच्या जेवणाचा गाभा ते नव्हेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भट्टीसमोरचा कोपरा बायकांचा. पाहुण्या पुरुषाने तिथे न बोलावता शिरू नये अशी रीत. भट्टीच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यात देवाच्या प्रतिमा आणि त्यांच्याखाली जेवणाचं टेबल. तिथे घरधनी बसे. सगळ्यांचं मिळून एकच मोठं लाकडी भांडं, प्रत्येकाच्या हातात आपापला लाकडी चमचा. घरधन्याने पहिला चमचा घेतल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही, आणि त्याने खूण केल्याशिवाय तळातले मांसाचे तुकडे उचलायचे नाहीत. घाई करणाऱ्याच्या कपाळावर चमचा बसे. पण त्या भांड्यात काय आणि किती येणार हे ठरवायची बोल्शुखा, म्हणजे घरातली थोरली बाई. कोठीच्या किल्ल्या तिच्याकडे. भट्टीची मालकीण ती. सुनांना कामाच्या पाळ्या ती लावून देणार. पीठ वसंतापर्यंत पुरलं नाही तर जबाबदारी तिचीच. या व्यवस्थेत माया होती तशी जरबही होती आणि सुनांच्या वाट्याला पुष्कळ कठीण दिवस येत. जुन्या कुटुंबाचं गोडगोड चित्र रंगवणाऱ्या लिखाणात हा भाग गाळला जातो, तो गाळू नये. सोळाव्या शतकातला ‘दोमोस्त्रोय’ हा गृहव्यवस्थेचा ग्रंथ वाचला तर कळतं की काय खारवायचं, कधी घाऊक घ्यायचं, उरलंसुरलं कसं वापरायचं, कुणाला काय वाढायचं हे सारं किती कडक शिस्तीचं होतं.

या शिस्तीचं कारण हवामानात आहे. मध्य रशियात जमीन पाच-सहा महिने बर्फाखाली असते. मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात जे उगवेल, जे रानात मिळेल, ते वर्षभर पुरवायचं. कोकणातल्या घरांत पावसाळ्यापूर्वी अगोटीची जी लगबग असते तिचा काळ चार महिन्यांऐवजी सात-आठ महिन्यांचा धरा, म्हणजे या घरांवरचा भार कळेल. जून-जुलैत रानस्ट्रॉबेरी आणि रासबेरी, त्यांचा वारेन्ये हा पातळ पाकातला मुरांबा. रासबेरीचा वारेन्ये सर्दी-तापाला चहाबरोबर देतात, म्हणून त्याची एक बरणी वेगळी ठेवलेली असते. ऑगस्टात काकड्या, त्यांच्या लोणच्यात तेल आणि मोहरी नाही, फक्त मिठाचं पाणी, लसूण, फुलावर आलेला शेपू, काळ्या करंटची आणि चेरीची पानं आणि ख्रेन नावाच्या झणझणीत मुळाचं पान. या पानांनी काकडी कुरकुरीत राहते. शेपू हा आपल्याकडे कित्येक घरांत नाक मुरडायचा विषय, आणि तिकडे त्याच्याशिवाय सूप, बटाटा, मासा, काहीच पुरं होत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर अळंबीचे. पहाटे टोपली आणि चाकू घेऊन आजी-आजोबा नातवंडांना जंगलात नेतात. कोणती खायची, कोणती विषारी, कोणत्या झाडाखाली काय सापडतं, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, हाताला धरूनच मिळतं. चूक झाली तर जिवावर बेतते, त्यामुळे शिकवणाऱ्याचा अधिकार मोठा. पांढरी अळंबी वाळवायची, ग्रूझ्द नावाची कडवट अळंबी पाणी बदलत काही दिवस भिजवून मग शेपू-लसणाबरोबर मिठात दाबायची. चांगली जागा सापडली तर ती शेजाऱ्याला सांगत नाहीत, घरातल्या घरात ठेवतात.

आणि शेवटी कोबी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पहिल्या थंडीच्या कडाक्यानंतर, कारण गारठ्याने कोबी गोड होतो. पूर्वी या कामाला शेजारपाजारच्या मुलीबायका जमत, एकेका घरचा कोबी आळीपाळीने चिरत, गाणी होत, पिरोग होत, मुलं कोबीचा गोड दांडा चघळत फिरत. ओकच्या लाकडाची पिंपं भरत. कोबी, मीठ, थोडं गाजर, कुठे क्रॅनबेरी, कुठे आंबट सफरचंद. दोन-तीन दिवसांनी पृष्ठभागावर फेस आला की लाकडी काडीने तळापर्यंत भोकं पाडायची आणि आतला वायू मोकळा करायचा, नाहीतर कोबी कडू होतो. मग पिंप तळघरात. हाच कोबी एप्रिलपर्यंत श्चीत जाणार, पिरोगात जाणार, कांदा-तेल घालून नुसता वाढला जाणार. ताजी भाजी मिळत नसलेल्या त्या महिन्यांत क जीवनसत्त्वाचा मोठा आधार हाच होता. रशियाबद्दल एकच पदार्थ सांग असं कुणी मला म्हटलं तर मी या पिंपाकडे बोट दाखवीन.

छापील पुस्तकांनी हे सारं बरंच उशिरा टिपलं. १८१६ साली वासिली लेव्शिनने जुन्या रशियन स्वयंपाकाचं पुस्तक काढलं तेव्हाच त्याची खंत होती की परदेशी पदार्थांच्या नादात आपलं विसरत चाललं आहे. १८४२ साली येकातेरिना अव्देयेवाचं अनुभवी गृहिणीसाठीचं पुस्तक आलं. पण घराघरांत पोचलं ते येलेना मोलोखोवेत्सचं ‘तरुण गृहिणींना भेट’. पहिली आवृत्ती १८६१ची. त्याच वर्षी भूदासांची मुक्तता झाली आणि फुकट राबणारे हात कमी झाल्यावर घर कसं चालवायचं हा प्रश्न मध्यम जमीनदारांच्या बायकांपुढे उभा राहिला. १९१७पर्यंत या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, पाककृती वाढत चार हजारांपलीकडे गेल्या. त्यात उपवासाचे बेत आहेत, नोकरांसाठीचा वेगळा स्वयंपाकही आहे. आज तो भाग वाचताना अस्वस्थ व्हायला होतं, आणि म्हणूनच तो वाचण्यासारखा आहे. याच काळात तोलस्तोयच्या यास्नाया पोल्यानातल्या घरी त्याची पत्नी सोफिया हिची पाककृतींची वही होती, १६२ कृतींची. तीत सोफियाच्या माहेरच्या मित्राच्या, डॉक्टर आंकेच्या नावाचा लिंबाचा पाय आहे. हा पाय कौटुंबिक सुखासीनतेचं प्रतीक म्हणून तोलस्तोयला पुढेपुढे खुपू लागला, मांसही त्याने सोडलं. आणि एका टेबलावर त्याच्यासाठी वेगळं, बाकीच्यांसाठी वेगळं असं सोफियाला रांधवून घ्यावं लागलं.

विसाव्या शतकात या स्वयंपाकावर जे ओढवलं ते फार थोड्या देशांच्या स्वयंपाकांवर ओढवलं असेल. १९१७च्या क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्यांची प्रामाणिक समजूत होती की चूल ही बाईची बेडी आहे. त्यात तथ्यही होतं. १९२५मध्ये इवानोवो-वोझ्नेसेन्स्कला पहिलं कारखान्यासारखं स्वयंपाकघर सुरू झालं. १९३०च्या सुमारास मॉस्कोत नार्कोमफिन नावाची राहण्याची इमारत उभी राहिली, तीत कित्येक बिऱ्हाडांना पूर्ण स्वयंपाकघर नव्हतंच, सामाईक भोजनगृह होतं. चुलीच्या गुलामीचा धिक्कार करणारी भित्तिचित्रं लागली. दुसऱ्या बाजूला शहरांतली जुनी घरं खोलीखोलीने वाटली गेली होती. एका स्वयंपाकघरात पाच-सहा, कधी त्याहून जास्त बिऱ्हाडं, प्रत्येकीचं टेबल वेगळं, प्रायमस वेगळा, मिठाची पुडीसुद्धा वेगळी. कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक. बाईची सुटका झाली नाही. ती कारखान्यात आठ तास काम करून रांगेत उभी राहू लागली आणि मग प्रायमसपाशी.

१९३९ साली आधी अन्न-उद्योग खातं सांभाळलेला मंत्री अनास्तास मिकोयान याच्या प्रेरणेने ‘चविष्ट आणि पौष्टिक अन्नाचं पुस्तक’ निघालं. १९५२च्या आवृत्तीतली रंगीत चित्रं बघत अनेक मुलं मोठी झाली. स्टर्जन मासे, कॅव्हियार, फळांच्या राशी, चकचकीत बाटल्या. दुकानात यातलं क्वचितच काही असे. तरीही नव्या नवरीला हे पुस्तक भेट मिळे आणि त्याच्याशेजारी फडताळात तिची स्वतःची वही असे. अमक्या मावशीचा केक, तमक्या शेजारणीची काकडी, कामावरच्या मैत्रिणीचं सॅलड. प्रत्येक कृतीवर देणारीचं नाव. रशियन घरच्या स्वयंपाकाचा इतिहास लिहायचा तर या वह्या सरकारी पुस्तकाहून कितीतरी मोलाच्या आहेत.

आणि भूक. १९२१-२२चा व्होल्गाकाठचा दुष्काळ, १९३२-३३चा, १९४६-४७चा. या सर्वांवर लेनिनग्राडचा वेढा, सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१मध्ये महिनाभराहून अधिक काळ कारकून, मुलं आणि घरी बसलेली माणसं यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यातही पेंड आणि लाकडाचा लगदा मिसळलेला. त्याच शहरात वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोवने जमवलेल्या बियाण्यांच्या साठ्याशेजारी तो राखणारे शास्त्रज्ञ उपासमारीने मेले, साठ्याला हात न लावता. ज्या पिढीने हे पाहिलं तिच्या घरात पावाचा तुकडा टाकला जात नाही. टेबलावरचे कण तळहातावर गोळा करून तोंडात टाकणारी आजी हे दृश्य नातवंडांना विक्षिप्त वाटलं असेल. त्यामागचं कारण त्यांना कधी सांगितलं गेलं, कधी नाही.

आजीचा हा उल्लेख ओघात आला, पण खरं तर या पुस्तकाचं केंद्र तीच आहे. सोव्हिएत काळात स्त्रिया सरसकट नोकरी करत. निवृत्ती पंचावन्नाव्या वर्षी. त्यामुळे आई कामावर आणि हाताशी बळ असलेली आजी घरी, अशी रचना लाखो घरांत झाली. युद्धात पुरुष मोठ्या संख्येने गेल्यामुळे कित्येक घरांत आजोबा नव्हतेच. नातवंडाला सकाळी रव्याची नाहीतर बकव्हीटची काशा भरवणारी, शाळेतून आल्यावर सूप, मग कोत्लेता म्हणजे खिम्याची टिकिया, मग सुक्या फळांचा कंपोट अशा क्रमाने वाढणारी, ताटात उरलेलं सहन न करणारी ही बाई. मधली पिढी शिकली, नोकऱ्यांत गेली, तिला पिठाची ओल बोटांनी ओळखता येईना. पण ते ज्ञान आजीकडून थेट नातवंडांकडे गेलं. क्रांती, सामूहिक शेती, युद्ध आणि रेशन यांतून हा स्वयंपाक वाचला तो या मार्गाने.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस, सोव्हिएत नेता ख्रुश्चोवच्या काळात, पाचमजली इमारती उभ्या राहिल्या आणि कोट्यवधी कुटुंबांना प्रथमच स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं. जेमतेम पाच-सहा चौरस मीटरचं. त्यात चार माणसं बसली की पाचव्याने दारात उभं राहायचं. पण बाहेर जे बोलता येत नसे ते तिथे रात्र रात्र बोललं गेलं. हाताने उतरवलेल्या कविता तिथे वाचल्या गेल्या, आणि टेबलावर काळा पाव, खारवलेला हेरिंग, उकडलेला बटाटा आणि चहा. त्याच काळात शहराबाहेर जमिनीचे तुकडे वाटले गेले, साधारण सहाशे चौरस मीटरचे. शनिवार-रविवारी उपनगरी गाड्या बादल्या आणि रोपं घेतलेल्या माणसांनी भरून जात. दाचा म्हटल्या जाणाऱ्या या तुकड्यांवर बटाटे, काकड्या, टोमॅटो, करंट पिकले. तीन लिटरच्या काचेच्या बरण्यांत ते बंद झाले आणि सदनिकांच्या पलंगांखाली, गॅलऱ्यांत रचले गेले. तळघर गेलं तरी बेगमी टिकली. १९९०च्या दशकात पगार महिनोन्‌महिने थकले तेव्हा कित्येक कुटुंबं याच बटाट्यांवर जगली.

चहाचं थोडक्यात सांगतो. १६३८मध्ये मंगोल खानाकडून झारला भेट म्हणून तो आला आणि पुढे क्याख्ताच्या बाजारातून उंटांवर येत राहिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुला शहरात समोवार, म्हणजे चहाचं पाणी तापवायची भांडी, बनू लागले. सोव्हिएत बालपुस्तकांच्या मराठी अनुवादांतून समोवार आपल्या पिढीला चित्रात भेटला आहेच. बटाट्याची कथा याच्या उलट: सरकारने आग्रह धरला आणि १८४०च्या दशकात शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध दंगे केले. आज तो नसलेलं रशियन घर सापडणार नाही.

सण आता बदलले आहेत. सर्वात मोठा कौटुंबिक सण नववर्षाचा, आणि त्याच्या टेबलावर ऑलिव्हिए सॅलड. १८६०च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटाज उपाहारगृहात लुसियां ऑलिव्हिएने केलेल्या मूळ पदार्थात रानपक्ष्यांचं मांस आणि नदीतल्या कोळंबीसारखे जीव होते. सोव्हिएत घरात त्याचं रूप झालं उकडलेला बटाटा, गाजर, अंडी, खारी काकडी, सॉसेज, डब्यातले मटार आणि मेयोनेज. मटारचा डबा शरद ऋतूतच मिळवून लपवलेला असे. पाककलेचे जाणकार याला उतरती कळा म्हणतात. मी म्हणत नाही. ३१ डिसेंबरच्या दुपारी घरातली सगळी माणसं चाकू घेऊन बसतात, तुकडे किती बारीक हवेत यावर दर वर्षी वाद घालतात आणि परात भरतात. सायबेरियात आणि उरलमध्ये पेलमेनी करायला असंच घर जमतं. कणकेच्या चकतीत खिमा भरून शेकडोंनी वळायचे, फळीवर मांडून बाहेरच्या थंडीत गोठवायचे, पिशव्या भरायच्या. एखाद्यात मुद्दाम मिरी नाहीतर मीठ भरतात. तो ज्याच्या वाट्याला येईल तो भाग्यवान.

जन्म आणि मृत्यू इथेही अन्नानेच सांभाळले जातात. बारशाच्या जेवणात सुईण शिजवलेली काशा आणी आणि बापाला त्यातला भरपूर मीठ-मिरीचा चमचा खायला लावी, बाळंतपणाचा त्रास त्यालाही कळावा म्हणून. मृत्यूनंतरच्या जेवणात कुत्या, म्हणजे मध-बेदाणे घातलेला शिजवलेला गहू किंवा तांदूळ, ब्लिनी आणि किसेल. गेलेल्या माणसासाठी एक पेला भरून त्यावर पावाचा तुकडा ठेवतात. नवव्या दिवशी पुन्हा जमतात, चाळिसाव्या दिवशी पुन्हा.

पुस्तकाच्या मर्यादेबद्दल एक खुलासा हवा. बोर्श्त हा युक्रेनचा. त्याच्या पाकपरंपरेला २०२२मध्ये, युद्ध चालू असताना, युनेस्कोने तातडीच्या संरक्षणाची गरज असलेला वारसा म्हणून नोंदवलं. रशियन घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या शिजतो हे खरं आहे आणि म्हणून तो इथे आहे, पण मालकी सांगण्यासाठी नव्हे. उझबेकांचा प्लोव्ह आणि कॉकेशसचा शाश्लीक यांचंही तसंच.

आपल्या स्वयंपाकघरात यातलं काय जमेल? बरंच जमेल. राय धान्याचं पीठ मोठ्या शहरांत मिळतं. स्मेताना या आंबट सायीसाठी टांगलेल्या दह्यात ताजी साय मिसळावी. त्वारोगसाठी लिंबाने फाडलेलं पनीर चालणार नाही. दूध विरजून, ते दही मंद आचेवर कोमट करून गाळावं. आपल्या उकाड्यात कोबी फार लवकर आंबतो, तेव्हा किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ घालून दुसऱ्या दिवसापासून चव बघत राहावी आणि आंबटपणा साधला की बरणी फ्रीजमध्ये हलवावी.

नवख्याने काशापासून सुरुवात करावी. बकव्हीट म्हणजे उत्तर भारतात नवरात्रात खातात तो कुट्टू. आपल्याकडचे दाणे कच्चे, हिरवट असतात. रशियातले भाजलेले, तपकिरी. म्हणून आधी ते कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावेत. एका वाटीला दोन वाट्या पाणी, मीठ, एक उकळी, मग झाकण ठेवून अगदी बारीक आच, पाणी आटेपर्यंत. मध्ये ढवळू नये. भट्ट्या गेल्यावर शहरातल्या बायका या टप्प्यावर पातेलं वर्तमानपत्रात आणि मग जाड पांघरुणात गुंडाळून तासभर पलंगावर ठेवत आल्या आहेत. तसंच करावं. दाणा मोकळा होतो आणि आतपर्यंत शिजतो. वर लोणी, किंवा उपवासाच्या रीतीने तेलात तांबूस केलेला कांदा आणि अळंबी. उरलेली काशा दुसऱ्या दिवशी सकाळी गार दुधात घालून खातात.